मदत हवी आहे: 'बोटीवर गेलेल्या' थोरल्या पणजोबांचं घराणं शोधायचंय

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. आमचं गाव राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीलगत. माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ १९०५ च्या आसपास, विशीत असताना घरातून गेले. आजी एवढंच सांगायची, "थोरला बोटीवर गेला तो गेलाच." म्हाळाला आमच्याकडे अजून एक पान जास्तीचं वाढतात, बोटीवरच्यांचं. लहानपणी त्या पानातल्या वड्यांवर माझा डोळा असायचा, म्हणून ते जास्तच लक्षात राहिलेत.

आता निमित्त झालं सातबाऱ्याचं. सामाईक खात्यात त्यांचं नाव अजून आहे. बाबांच्या नावे वारस नोंद करायला गेले तर पहिला प्रश्न, "यांचे वारस कुठायत?" चार हेलपाटे झाले. जमिनीचं जे व्हायचं ते होईल, कातळच आहे बहुतेक, पण त्या प्रश्नाने डोक्यात घर केलंय.

मी धरून चालले आहे की ते मॉरिशसला गेले. तिथे मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटी, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या नोंदवह्या आहेत. मजुराचा नंबर, बापाचं नाव, वय, गाव, बोट, सगळं असतं म्हणे. कुणी तिथून उतारा मागवलाय का? नाव इंग्रजीत कसं लिहिलं असेल, ते कसं ताडायचं?

मोडीवाली:
खाडीकाठ, तुमचं वर्षच जमत नाहीये. गिरमिटीची सुरुवात मानतात ती 'अॅटलस' बोट छत्तीस मजूर घेऊन कलकत्त्याहून मॉरिशसच्या पोर्ट लुईला लागली २ नोव्हेंबर १८३४ ला. मुंबई बंदरातून आपली माणसं गेली ती मुख्यतः १८४० ते १८६० च्या दशकांत. १९१० च्या सुमाराला तर मॉरिशसची मजूरभरतीच थांबली. १९०५ ला विशीतला राजापूरचा मुलगा त्या वह्यांत सापडण्याची आशा फार कमी.

खरं सांगू? तुम्ही 'बोट' या शब्दावर फसलात. आजीच्या पिढीत कोकणात बोटीवर जाणं म्हणजे मुंबईला जाणं. कोकण रेल्वे आली १९९८ ला. त्याआधी घाट चढून जायचं, नाहीतर बंदरावर पडावाची होडी गाठून आगबोटीत चढायचं. समुद्रापार जायची गरजच नव्हती, परळच्या गिरण्या होत्या. घरात जुनी मनीऑर्डर सापडते का बघा. भांड्यांच्या माळ्यावर, देव्हाऱ्याच्या खणात, सगळीकडे.

(खरंच मॉरिशसचा शोध घेणारं कुणी वाचत असेल तर दोन गोष्टी. नोंदीत रत्नागिरी जिल्हा दिसला तर मालवण, वेंगुर्लेही धरा, सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ ला. सावंतवाडी मात्र तेव्हा संस्थान होतं. आणि तिथे बापाचं नाव पुढे आडनाव होऊन बसलं, त्यामुळे इथल्या आडनावाने शोधून हाती काही लागत नाही.)

घाटावरचा:
आमच्याकडे कोल्हापूर भागात हेळवी येतो, सात पिढ्या घडाघडा वाचून दाखवतो आणि धान्य घेऊन जातो. तुमच्याकडे ही सोय नाही ना?

खाडीकाठ:
नाही हो. आमच्याकडे नुसते गुरव आणि गाऱ्हाणी.

मोडीवाली, तुमच्या पायावर डोकं ठेवते. काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली, मनीऑर्डरची तीन कुपनं निघाली! शिक्का परळचा. एकावर १७ वाचता येतंय, बाकीच्यांची शाई फुटलीय. मजकूर मोडीत. तिन्हींवर अक्षर वेगवेगळं आहे, हे काय गौडबंगाल? फोटो टाकलेत.

मोडीवाली:
त्यांना लिहिता येत नसणार. खोलीत जो साक्षर असेल तो लिहून देई, म्हणून अक्षर दर खेपेला निराळं.

दोन कुपनांवर फक्त रक्कम आणि दंडवत. तिसरं, १७ सालचं, असं लागतं: "रुपये पाच पाठविले आहेत. लावणीस येणे होत नाही. चिरंजिवास देवी निघाल्या होत्या, आता आराम आहे." 'लावणीस' नक्की. 'आराम' शब्दावर घडी आलीय, पण दुसरं काही बसत नाही.

खाडीकाठ:
म्हणजे त्यांना मुलगा होता. आमच्यात हे कुणालाच माहीत नाही. बाबा मघापासून गप्प बसलेत.

लालबागकर:
परळ म्हटल्यावर मी आलोच. आमच्याही घरात तीन पिढ्या गिरणीत गेल्या. क्रम असा ठेवा.

आधी गावाच्या मुंबई मंडळाची खोली शोधा. गिरणगावात कोकणातल्या गावागावाची अशी खोली असायची. दिवसपाळीवाला उठला की त्याच वळकटीवर रातपाळीवाला आडवा. काही मंडळांनी वर्गणीच्या वह्या जपल्यात, त्यात कोण कुठल्या चाळीत हे सापडतं. म्हातारे सभासद त्याहून उपयोगी, पण त्यांना दुपारी गाठू नका.

मग मुलाकडे वळा. बापापेक्षा तो लवकर सापडेल. परळच्या जुन्या पालिका शाळांची जनरल रजिस्टरं बघायला अर्ज करा, त्यात वडिलांचं नाव आणि जन्मठिकाण असतं. मृत्यूची नोंद पालिकेकडे मिळते, पण वर्षाचा अंदाज द्यावा लागतो, नाहीतर कुणी वही उघडत नाही.

म्हाडाच्या गिरणी कामगार घरांच्या अर्जदार याद्याही चाळा. १९८२ च्या संपावेळी कामावर असलेला नातू त्यात असू शकतो. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आपल्याकडे आहे, तेव्हा थोरल्या पणजोबांचंच नाव आणि तुमचं आडनाव एकत्र दिसलं की थांबा, मधलं नाव काय आहे ते बघा.

शेवटचं, नाशिक. रामकुंडावर अस्थी न्यायला घरचं कुणी गेलं असेल तर तुमच्या भागाच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत मूळ गाव लिहिलेलं असणार. मुंबईत जन्मलेला माणूसही तिथे गाव राजापूरचंच सांगतो.

खाडीकाठ:
मंडळाची खोली पोयबावडीला होती असं काका म्हणतात. रविवारी सकाळी जाते, कुपनांच्या झेरॉक्स बरोबर घेऊन. शाळेचा अर्जही लिहायला घेतलाय, पण तिथे 'नाते' असा रकाना आहे. पणजोबांच्या भावाचा मुलगा माझा कोण लागतो?

मोडीवाली:
चुलत आजोबा लिहा.