धाकटीच्या संघाला चर्चची मान्यता आहे की नुसता आशीर्वाद?

धाकटीची_ताई
माझी धाकटी बहीण दोन वर्षांपूर्वी धर्मभगिनींच्या एका नव्या संघात गेली. सगळ्या मिळून अकराजणी. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची सेवा करतात, पहाटे साडेचारला प्रार्थनेला बसतात. पुढच्या महिन्यात ती ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालनाची व्रतं घेणार आहे. मी विचारलं, "तुमच्या संघाला मान्यता आहे ना गं?" तर म्हणाली, "बिशपस्वामींचा आशीर्वाद आहे ताई, बाकीचं होईल हळूहळू." आणि त्याच फोनवर सांगितलं की बाबांकडून आलेला वाटा ती संघाला देऊन टाकणार. तिची ओढ खरी आहे, मी जवळून पाहिलीय. पण आशीर्वाद म्हणजेच मान्यता का?

शांतिवाचक
घाबरू नका. मदर तेरेसा १९४८ साली आपल्या जुन्या संघातून बाहेर पडल्या, त्यांच्या नव्या संघाला मान्यता मिळाली ती ७ ऑक्टोबर १९५० ला, आणि तीही धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपांच्या क्षेत्राच्या, पातळीवर. थेट पोपच्या अधिकाराखाली यायला १९६५ उजाडलं. सुरुवात सगळ्यांची अशीच होते.

जुना_दफ्तरी
उदाहरण बरोबर आहे, पण एक गोष्ट राहिली. तेरेसा बाहेर पडल्या तेव्हाही रोमची, म्हणजे पोपच्या दरबाराची, परवानगी आलेली होती. मी अठरा वर्षं एका बिशपांच्या कचेरीत दफ्तर सांभाळलं, म्हणून आधी कागदाचंच बोलतो.

ताई, चार बायका एकत्र राहून प्रार्थना करू लागल्या तर त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. पुढे नियमावली लिहून बिशपांना दाखवली, त्यांनी ती तपासली, की श्रद्धावंतांची संघटना म्हणून नोंद होऊ शकते. ही संघटना म्हणजे अजून धर्मसंघ नव्हे. बरेच संघ वर्षानुवर्षं इथेच असतात, त्यात कमीपणा काहीच नाही. बिशपांनी रीतसर हुकूम काढला की मग तो धर्मप्रांतीय धर्मसंघ होतो आणि त्यानंतर, संघ वाढला-पसरला तर, रोमची मान्यता.

पूर्वी बिशपांनी हुकूम काढण्याआधी रोमचा सल्ला घ्यायचा असे. नोव्हेंबर २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मसंहितेचं, म्हणजे चर्चच्या कायद्याचं, कलम ५७९ बदललं. आता रोमची आगाऊ लेखी परवानगी लागते, ती नसेल तर हुकूमच फोल. २०२२ पासून तर पुढे धर्मसंघ व्हायच्या बेताने सार्वजनिक संघटना, म्हणजे बिशपांनी हुकूम काढून उभी केलेली श्रद्धावंतांची संघटना, स्थापायची असली तरी तशीच परवानगी हवी. लोकांना ही अडवणूक वाटते. मला नाही वाटत. एखादा संघ मोडतो तेव्हा पन्नाशीची बाई हातात एक पिशवी घेऊन कचेरीच्या बाकावर येऊन बसते. मी तिला पाणी दिलंय. ही चाळणी तिच्यासाठी आहे.

बहिणीला एवढंच म्हणा: "तो कागद मला वाचून दाखव." मथळा काय आहे, 'हुकूम' की नुसतं पत्र? कुठलं कलम लिहिलंय? सह्या किती? बिशपांच्या ज्या कागदाला कायद्याचं वजन असतं, त्यावर त्यांच्या सहीबरोबर चान्सेलरची (बिशपांच्या कचेरीचं दफ्तर सांभाळणारा अधिकारी) किंवा कचेरीच्या नोटरीची सही लागते. आशीर्वादाच्या पत्राला ती लागत नाही.

धाकटीची_ताई
आणि मान्यता नसताना तिने व्रतं घेतली तर ती खोटी ठरतील का? हे तिला विचारायचं माझ्याने होत नाही.

व्रतस्थ_२७
मी धर्मप्रांतीय संघातली भगिनी आहे, सत्तावीस वर्षं झाली. खोटी मुळीच नाहीत, ताई. देवाला दिलेला शब्द तो शब्दच. फरक एवढाच की चर्चच्या नावाने, अधिकार असलेल्या वरिष्ठांनी स्वीकारलं तर ते सार्वजनिक व्रत, नाहीतर खाजगी. खाजगी व्रतातून तिच्या पॅरिशचे प्रमुख धर्मगुरूही तिला मोकळं करू शकतात.

वाट्याबद्दल मात्र स्पष्ट सांगते. पहिल्या व्रतांआधी आम्ही मालमत्तेचा फक्त कारभार दुसऱ्याकडे सोपवतो, मालकी आपल्याच नावावर राहते. मृत्युपत्र निदान कायमच्या व्रतांआधी करायचं असतं. पहिली व्रतं तीन ते सहा वर्षांची असतात, ती विचार करायलाच दिलेली असतात. मान्य संघातून कुणी बाहेर पडलं तरी केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही, फक्त संघाने तिच्याशी न्यायाने आणि मायेने वागावं असं धर्मसंहिता सांगते. जिथे मान्यताच नाही तिथे वाटा आधीच देऊन टाकू नये. माझ्या सख्ख्या बहिणीलाही मी हेच सांगितलं असतं.

आणि उशिराचं वाईट वाटून घेऊ नका. संत क्लेअर यांनी स्वतः लिहिलेली नियमावली पोप इनोसंट चौथे यांनी मंजूर केली ती ९ ऑगस्ट १२५३ ला. ११ ऑगस्टला त्या गेल्या.

धाकटीची_ताई
काल रात्री तिने कागद वाचून दाखवला. मथळा नाही, कलम नाही. "आपल्या सेवाकार्याला माझे आशीर्वाद" आणि खाली एकच सही. वाचता वाचता तीच थांबली. मग म्हणाली, "ताई, वाट्याचं राहू दे सध्या. व्रतांचं मी आमच्या मदरना विचारते." रविवारी भेटायला बोलावलंय. दफ्तरी काका, तुमचे प्रश्न एका कागदावर उतरवून घेऊन जातेय.

जुना_दफ्तरी
अजून एक लिहून घ्या: बिशपांनी त्यांच्यासाठी कुणी धर्मगुरू नेमून दिलेत का. असतील तर आधी त्यांनाच भेटा.