चार माणसांसाठी तीन महिन्यांचा शिधा: किती घ्यावा, कसा भरावा?

भरलीकोठी
घरात दोन मोठी माणसं, दोन शाळकरी मुलं. पूर, वादळ किंवा रस्ते बंद अशी वेळ आली तर तीन महिने बाहेरून काही न आणता भागेल इतका शिधा ठेवायचा आहे. नक्की किती किलो लागेल? आणि कीड न लागता किती वर्षं टिकेल? सध्या धान्य आणलेल्या गोणीतच आहे. मायलर (चिवट प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याच्या) पिशव्यांबद्दल वाचलंय, पण त्या वापरायच्या कशा ते नीट कळलेलं नाही.

शिधामाप
आधी हिशेब. माणशी महिन्याला १२ किलो धान्य, २ किलो डाळी-कडधान्यं, १ लिटर तेल, १ किलो साखर, दीड-दोनशे ग्रॅम मीठ. यातून दिवसाला २,००० कॅलरींच्या थोडं वर मिळतं. चौघांचे तीन महिने म्हणजे १४४ किलो धान्य, २४ किलो कडधान्यं, १२ लिटर तेल, १२ किलो साखर, २ किलो मीठ. मुलं कमी खातात म्हणून आकडा कापू नका, सांडलवंड आणि आलंगेलं त्यातच निघतं.

सगळा गहूच भरणार असाल तर हातानं फिरणारी चक्की हवी. वीज नसेल तर गिरणीही नसते. नाहीतर निम्मा तांदूळ ठेवा.

आता भरणं. २० लिटरच्या झाकणाच्या बादलीत साधारण १५ किलो तांदूळ किंवा गहू मावतो, म्हणजे धान्याच्या दहा बादल्या. आत मायलरची पिशवी, अॅल्युमिनियमचा थर असलेली, १२५ मायक्रॉनपेक्षा पातळ नको. बादली उंदरांसाठी आणि पिशवी हवेसाठी, म्हणून दोन्ही लागतात. नुसती पिशवी उंदीर कुरतडतो आणि नुसत्या प्लॅस्टिकमधून हवा हळूहळू आत जातेच.

पिशवीत प्राणवायू शोषणारी पुडी टाकायची. माप कसं काढायचं पाहा: २० लिटर धान्यात दाण्यांच्या मधली हवा आठेक लिटर असते. हवेत २१ टक्के प्राणवायू, म्हणजे सुमारे १,७०० सीसी. वरच्या मोकळ्या जागेचे धरून २,००० सीसीची पुडी घ्या.

पिशवीचं तोंड लाकडी पट्टीवर ताणून धरा आणि गरम इस्त्री फिरवा, वाफ बंद ठेवून. एक कोपरा उघडा ठेवा, हातानं हवा दाबून काढा, पुडी टाका, कोपरा बंद करा. कडेला पिठूळ धूळ राहिली तर सांधा नीट चिकटत नाही आणि पुढे तिथूनच हवा शिरते. इस्त्रीआधी कोरड्या फडक्यानं कड पुसाच.

पुड्यांचं पाकीट फोडल्यापासून अर्ध्या तासात सगळ्या पिशव्या बंद झाल्या पाहिजेत. म्हणून आधी सगळं धान्य भरून ठेवा, पाकीट शेवटी फोडा. उरलेल्या पुड्या लगेच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत.

कोरडादाणा
वरचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट आधी यायला हवी होती: ओलावा. या पद्धतीला १० टक्के किंवा त्याहून कमी ओलाव्याचं धान्य लागतं. ओलसर धान्य हवाबंद केलं तर बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूला हवी तशीच जागा मिळते, कारण तो प्राणवायू नसतानाच वाढतो. दाणा हातोडीनं ठोका. खडखडीत वाळलेला फुटून भुगा होतो, ओला नुसता चेपतो. चेपला तर ऊन द्या, पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा. गरम धान्य पिशवीत घाम धरतं.

साखरेत प्राणवायूची पुडी कधीही टाकू नका, तिचा दगड होतो. मिठालाही गरज नाही. हातसडीचा तांदूळ या साठ्यात नको, त्याच्या कोंड्यातलं तेल सहाएक महिन्यांत खवट होतं. पांढरा तांदूळ, गहू, कडधान्यं नीट भरून थंड जागी ठेवली तर २५ वर्षांच्या पुढेही टिकतात. तेलाचं तसं नाही. ते अंधारात ठेवा आणि वर्षभरात स्वयंपाकात वापरून नवीन आणा.

बादल्या माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका. तापमान ५-६ अंश वाढलं की टिकण्याचा काळ ढोबळमानानं निम्मा होतो. घरातली सर्वांत गार खोली निवडा, खाली फळ्या टाका.

आणि पाणी! माणशी दिवसाला ४ लिटर, म्हणजे चौघांना दोन आठवड्यांसाठी २२४ लिटर. कोरडा शिधा पाण्याशिवाय आणि चुलीशिवाय शिजत नाही, तेव्हा इंधनही याच यादीत लिहा.

भरलीकोठी
खूप उपयोग झाला. एक पिशवी भरून पाहिली. दोन दिवस झाले तरी ती आवळली नाही. पुडी खराब असेल का?

शिधामाप
तेवढ्यावरून ठरवू नका. पुडी फक्त प्राणवायू घेते, नायट्रोजन आतच राहतो, त्यामुळे पिशवी सैल दिसू शकते. उरलेली पुडी चाचपून पाहा. आतली लोखंडाची भुकटी मऊ, सुटी लागली तर ती चांगली. बिस्किटासारखी कडक झाली असेल तर तिचं काम संपलंय. मग पिशवी उघडून नवी पुडी टाका.

कोरडादाणा
भरण्याआधी किड्यांची अंडी मारायची असतील तर धान्य उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी बंदच राहू द्या, घरातल्या तापमानाला आली की उघडा. घाईनं उघडली तर दाण्यांवर दव धरतं आणि वाळवण्याची सगळी मेहनत वाया जाते.

कडधान्यं जुनी झाली की शिजायला हट्टी होतात. रात्रभर भिजवा, पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घाला. राजमा मात्र भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळाच. मंद आचेवर त्यातलं विष जात नाही, त्यामुळे इंधन वाचवायचं असेल तरी ही दहा मिनिटं कापू नका.