ऑर्किडवर पांढरा कापूस आणि मुंग्या, काय करू?

हिरवी_कुंडी
माझ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडच्या पानांच्या बेचक्यात पांढरं कापसासारखं काहीतरी झालंय, पानं चिकट लागतात आणि दांडीवर मुंग्यांची ही रांग. ओल्या फडक्याने पुसलं की थोडे दिवस बरं दिसतं, मग परत तेच. मुंग्यांची पावडर टाकू का? कळ्या आल्यात म्हणून फवारायला जीव होत नाही.

बाल्कनीतला_माळी
मिलीबग आहे हो, पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याने सोडलेला गोड चिकटा खायला येतात आणि त्याला खाणाऱ्या किड्यांनाही हुसकावतात, म्हणून त्यांना अडवायलाच हवं, पण नुसत्या पावडरीने मूळ दुखणं जाणार नाही. आधी ती कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा. मग ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कॉटन बडवर घेऊन एकेक किडा टिपायचा, पानाखाली, बेचक्यात, दांडीच्या पेरांवर जे सुकं पापुद्र्यासारखं आवरण असतं त्याच्या आत, कुंडीच्या काठाखालीसुद्धा. त्या कापसात अंडी असतात, ती सगळी हाताला लागत नाहीत, त्यामुळे दर आठवड्याला हेच, निदान महिनाभर तरी. पुसल्यावर परत येतात ते ह्याच्यामुळेच.

खवले_वैतागी
+१. फक्त चिकट दिसलं म्हणजे कीडच असं नाही हां, ऑर्किड स्वतःसुद्धा कळ्यांजवळ, दांडीवर स्वच्छ गोड थेंब सोडतं आणि त्यालाही मुंग्या येतात. तुमच्याकडे कापूस आहे म्हणजे मिलीबगच. तपकिरी टिकल्यांसारखं काही चिकटलेलं दिसलं तर ती खवले कीड, ती नखाने किंवा जुन्या मऊ टूथब्रशने खरवडायची, कवचावरून फवारलेलं आत फारसं पोचतच नाही.

रात्रपाळी
एवढा उद्योग कोण करणार, इमिडाक्लोप्रिड कीटकनाशक द्या, झाडात भिनतं आणि रस शोषणारे बरेचसे किडे मरतात.

बाल्कनीतला_माळी
@रात्रपाळी कळ्या फुलायच्या बेतात आहेत आणि ते मधमाश्यांना घातक आहे, एका कुंडीसाठी इतकं कशाला. फारच पसरलं तर निमतेल, लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली आणि डिशवॉशचे दोनचार थेंब, संध्याकाळी, आधी एकाच पानावर मारून बघायचं. कळ्यांवर नको. आणि मधल्या गाभ्यात पाणी साचलं तर टिशूने टिपून घ्या, फॅलेनॉप्सिसला वाढायला तो एकच शेंडा, तो कुजला की मग किडीची काळजीच उरत नाही 😐

हिरवी_कुंडी
थँक्यू सगळ्यांना! आत्ताच कुंडीतून काढून बघितलं तर मुळंही पांढरी आहेत, तिथेपण पसरलं का?

खवले_वैतागी
घाबरू नका, ऑर्किडची मुळं सुकली की पांढरट चंदेरीच दिसतात, पाणी घाला, हिरवी झाली तर ठीक. ओली होऊनही पांढरे पुंजके तसेच राहिले तर मात्र मिलीबग मुळात उतरलाय, मग कुंडीत मातीऐवजी भरलेली जुनी साल (झाडाच्या सालीचे तुकडे) सगळी फेकायची, मुळं वाहत्या पाण्याखाली धुवायची, पोकळ झालेली कापायची आणि नव्या सालीत लावायचं. कळ्या कदाचित गळतील. कुंडी तीच वापरणार असाल तर गरम पाण्याने घासून घ्या, भोकांमध्येपण लपतात हे.