कोविडनंतर दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांवर परिणाम राहतो का?

प्रश्न:
मला कोविड होऊन बराच काळ लोटला आहे. चष्म्याचा नंबर बदललेला नाही, तरीही वाचताना अक्षरे मधूनच पुसट होतात आणि थकवाही पूर्णपणे गेलेला नाही. नुकत्याच झालेल्या तपासणीत एका डोळ्याच्या दृष्टिपटलावर (आतल्या मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर) कापसासारखा पांढरट ठिपका आढळला. मला मधुमेह असल्याचे कधी आढळलेले नाही. हा परिणाम त्या जुन्या संसर्गाचा असू शकेल का?

उत्तर १:
संसर्गानंतर रक्तवाहिन्यांवर परिणाम राहू शकतो. या विषाणूला पेशीत शिरण्यासाठी लागणारे एसीई-२ हे ग्राही (विषाणू ज्यांना चिकटतो ती पेशीवरील प्रथिने) रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरातही असतात. थेट संसर्गामुळे असो वा दाहामुळे, त्या अस्तराला इजा झाली की रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि जेमतेम एक तांबडी पेशी जाऊ शकेल एवढ्या अरुंद केशवाहिन्या तुंबू लागतात. ब्राझीलमधील डॉक्टरांनी 2020 मध्येच कोविडच्या रुग्णांत असे ठिपके आणि सूक्ष्म रक्तस्राव दिसल्याचे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात कळवले होते. पुढे दीर्घ कोविडच्या (संसर्गानंतरही लक्षणे दीर्घकाळ टिकलेल्या) रुग्णांच्या डोळ्यांवर लुकलुकता प्रकाश टाकून पाहिले असता, निरोगी माणसात ज्या रक्तवाहिन्या अशा वेळी रुंदावतात, त्या या रुग्णांत तितक्या रुंदावत नसल्याचे आढळले. नेहमीच्या तपासणीत हा दोष दिसत नाही.

उत्तर २:
वरील माहिती योग्य आहे, पण ठिपक्याचे वय विसरू नये. मज्जातंतूंच्या थराचा रक्तपुरवठा एखाद्या जागी खंडित झाला की असा ठिपका उमटतो आणि साधारणपणे काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, विरून जातो. म्हणजे आज दिसणारा ठिपका अलीकडचा असण्याचीच शक्यता अधिक आहे. त्याचे खापर जुन्या कोविडवर फोडून स्वस्थ बसणे मला धोक्याचे वाटते. रक्तदाब (शक्य असल्यास चोवीस तासांचा), एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दाखवणारी चाचणी), रक्तघटकांची तपासणी आणि डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास स्वप्रतिकार विकार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर हल्ला करते असे आजार) व एचआयव्हीच्या चाचण्या करून घ्याव्यात.

प्रश्नकर्ता:
रक्तदाब बऱ्याच काळात मोजलेला नाही, तो आधी तपासून घेतो. ओसीटी अँजिओग्राफीचा उपयोग होईल का?

उत्तर २:
होईल, पण मर्यादित. शिरेत रंगद्रव्य न टोचता ती केशवाहिन्यांचा नकाशा दाखवते. मात्र त्यातील विरळपणा कोविडमुळे आला की रक्तदाबामुळे, हे तिच्यावरून ठरत नाही. काही महिन्यांनी त्याच यंत्रावर पुन्हा प्रतिमा घेऊन तुलना केल्यास अधिक अर्थबोध होतो. अक्षरे मधूनच पुसट होण्यामागे डोळ्यांचा कोरडेपणाही असू शकतो, तेव्हा तेही तपासून घ्या. मात्र एका डोळ्याची नजर न दुखता अचानक अंधुक झाली, तर दृष्टिपटलाच्या शिरेत किंवा धमनीत अडथळा आल्याची शंका घेऊन त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. धमनी बंद झाली असेल तर हाती काही तासच असतात.