जुनी फायबरची होडी: कमी खर्चात दुरुस्ती कशी?

प्रश्न: नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या काठी १२ फुटी जुनी होडी स्वस्तात मिळतेय. तळाला वीतभर तडा आहे, मागची फळी ओलसर वाटते. जाळं टाकण्यापुरती नीट करायची आहे. घ्यावी का?

उत्तर १: भाऊ, आधी मागच्या फळीवर हातोडीच्या दांड्याने ठोका. टणटण वाजली तर ठीक. भद्द आवाज आला तर आतलं प्लायवूड कुजलंय, आणि खरा खर्च तिथेच आहे. मग होडी ठोकळ्यांवर ठेवून आत चार बोटं पाणी भरा. बाहेर जिथे घाम फुटेल तिथे पेन्सिलीने खूण करा. दिसणाऱ्या तड्याशिवाय आणखी गळती हमखास सापडते.

उत्तर २: तड्यावर नुसती पुटी भरू नका, पहिल्याच धक्क्याला निघते. तड्याच्या कडेपासून होडीच्या जाडीच्या १२ पट लांब उतार घासा: ५ मिमी जाडीला दोन्ही बाजूंना ६ सेंमी. पूर्ण वाळवा, अ‍ॅसिटोनने पुसा. ४५० ग्रॅमच्या (दर चौरस मीटरला) मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या चटईचे, तीन थर साधारण ३ मिमी भरतात, त्यामुळे इथे पाच लागतील. मॅटच्या वजनाच्या अडीचपट रेझिन (मॅट भिजवून मग घट्ट होणारा चिकट द्रव) धरा.

उत्तर ३: हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) रेझिनच्या किलोला १५ मिली पुरे. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रावण) आधी रेझिनमध्ये नीट ढवळा, हार्डनर नंतर. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो. नाशिकच्या डिसेंबरातल्या पहाटे काम धरू नका, रेझिन चिकटच राहतं. दुपारचं ऊन गाठा.

आणि धरणातली मासेमारी ठेक्याने असते, तेव्हा परवानगीचं आधी बघा.