मदत हवी आहे: यीशिंगच्या किटलीला साबणाचा वास लागलाय, रविवारच्या आत घालवायचा आहे

दूरदेशी (गुरुवार, रात्री ९.४०)
यीशिंगची किटली आहे. घरात भांड्यांच्या साबणाने धुतली गेली. आता चहाला लिंबाच्या साबणाची चव येते. उकळत्या पाण्याने दहा-बारा वेळा विसळली, काही फरक नाही. धारही अडखळत पडते, पण ते नंतर बघू. रविवारी दुपारी पाहुणे येणार आहेत आणि चहा याच किटलीत व्हायला हवा. कोणी स्वतः केलं असेल तर उपाय सांगा. दुसरी घ्या असं कृपया सांगू नका.

जास्वंद (९.५२)
चिनी मातीला वास कसा लागेल? लिंबाची फोड आणि जाडं मीठ आतून चोळा, रात्रभर ठेवा. माझ्या कपांचे डाग असेच जातात.

ओलीमाती (१०.०५)
जास्वंद, लिंबू नको. तुमचे कप झिलईचे आहेत, ही किटली तशी नाही. यीशिंग हे चीनच्या च्यांगसू प्रांतातलं शहर, ताईहू सरोवराच्या पश्चिमेला. तिथल्या तिंगशू भागात ‘झिशा’, म्हणजे जांभळी वाळू म्हणतात त्या मातीच्या किटल्या होतात. आतून-बाहेरून झिलई नसते. ११०० ते १२०० अंशांवर भाजल्यावरही अंगात बारीक छिद्रं राहतात, त्यांत चहा मुरतो. साबणही तसाच मुरतो. माठाला आपण साबण लावत नाही तो याच कारणासाठी. मी गेली काही वर्षं कुंभारकाम शिकते आहे म्हणून सांगते.
दूरदेशी, किटली केवढी? माती कुठल्या रंगाची? आत कोणता चहा करता? धुऊन किती दिवस झाले? घासणी लावली का?

दूरदेशी (१०.२०)
साधारण १२० मिली. तांबूस तपकिरी, नक्षी नाही. फक्त वूयी डोंगरातला ऊलाँग, दुसरा कधीच नाही. सोमवारी धुतली. हिरवी घासणी लावली होती, हो.

बाराबंदी (१०.३१)
मी ग्वांगचौला सहा वर्षं होतो. सरळ गायवान वापरा. चिंगतेचनच्या पोर्सिलीनची झाकणाची वाटी, खाली बशी. वास धरत नाही, साबणाने धुता येते, ऊलाँग, हिरवा, पुअर सगळं एकाच भांड्यात करता येतं, आणि पान कसं उमलतंय ते झाकण सरकवून दिसतं. चहाची खरी चव कळते ती गायवानमध्येच. मातीची किटली चवीतला धारदारपणा खाऊन टाकते.

केतकी_७ (१०.४४)
बाराबंदी, वूयीच्या चहाची धार थोडी बोथट व्हावी म्हणूनच लोक मातीची किटली घेतात. तो भाजलेला चहा असतो. शिवाय त्यांनी हे विचारलेलंच नाही.
दूरदेशी, मला आधी शंका ही की ती खरी झिशा आहे का? हाताने घडवलेली किटली चाकावर होत नाही. माती थापटून तिचा पत्रा करतात, तो गोल वळवून लाकडी फळीने ठोकत फुगवतात. बाजारात साच्यात पातळ माती ओतून केलेल्या, रंग मिसळलेल्याही खूप मिळतात. तशी असेल तर मी उकळायला सांगणार नाही. तळाचा शिक्का काय म्हणतो?

दूरदेशी (१०.५८)
चौकोनी शिक्का, चार अक्षरं: ‘चोंगक्वो यीशिंग’, म्हणजे ‘चीन यीशिंग’. विकत घेतलेली नाही. आम्ही सूचौला राहतो, शेजारच्या आजींनी दिली. त्यांचे यजमान रोज तीत चहा करायचे, ते गेल्यावर त्यांनी ती मला दिली. रविवारी त्याच येणार आहेत.

आप्पासाहेब (११.१०)
मग आधी किंमत करून घ्या. कू चिंगचौ यांची एक किटली २०१० साली बीजिंगच्या लिलावात १ कोटी २३ लाख युआनना गेली होती. पाण्यात हात घालण्याआधी जाणकाराला दाखवा.

ओलीमाती (११.१८)
आप्पासाहेब, कू चिंगचौ विसाव्या शतकातले सर्वांत नावाजलेले झिशा कारागीर, ते स्वतःच्या नावाचा शिक्का मारत. ‘चीन यीशिंग’ हा सरकारी कारखान्याच्या काळातल्या कामावर दिसणारा शिक्का आहे, कोणा एकाची सही नव्हे. आणि त्यांना ही किटली विकायची नाही, आजींसमोर ठेवायची आहे.

केतकी_७ (११.२५)
म्हणजे रोज वापरात मुरलेली किटली. मग साबण लावायची वेळ का आली? तुम्ही तर नुसत्या पाण्यानेच धुवत असाल ना?

दूरदेशी (११.४१)
सासूबाई नाशिकहून आल्या आहेत. सोमवारी मी ऑफिसात होते. त्यांनी आलं घालून दुधाचा चहा केला आणि गरम राहावा म्हणून या किटलीत ओतून ठेवला. दोनेक तास राहिला असेल. मग माझी किटली चकचकीत करून ठेवावी म्हणून घासली.

जास्वंद (११.४८)
आईंना काही बोलला नाहीत ना? त्यांना कुठून माहीत असणार? आपल्याकडे भांडं घासून ठेवणं म्हणजे माया.

दूरदेशी (११.५०)
त्यांना कोणीही काही बोललेलं नाही. त्याच जास्त कासावीस झाल्या आहेत. मला फक्त उपाय हवा आहे.

ओलीमाती (शुक्रवार, सकाळी ७.१५)
दुधाचं आधी सांगायला हवं होतं. छिद्रांत आता साबण आणि स्निग्धांश दोन्ही बसलेत. लिंबू किंवा व्हिनेगर मुळीच नको, दूध आत फाटेल. असं करा. कोमट पाण्यात लिटरला एक मोठा चमचा खायचा सोडा घालून किटली तीन-चार तास बुडवून ठेवा. पाणी फेका. मग पातेल्याच्या तळाला जुना सुती पंचा घाला, त्यावर किटली, झाकण वेगळं, वर गार पाणी. गारच हवं, गरमात एकदम टाकली तर तडकेल. मंद आचेवर वीस मिनिटं उकळा, पातेल्यातच निवू द्या, पाणी फेका. तीनदा करा. चौथ्यांदा पाण्यात मूठभर तोच ऊलाँग टाका. नंतर झाकण काढून सुकवा, ओव्हनमध्ये नाही.

बाराबंदी (८.०२)
गायवानचं मी सोडतो, पण तीनदा उकळण्यापेक्षा ऑक्सिजन ब्लीच वापरा. जुन्या किटल्या घेणारे लोक तेच वापरतात, रात्रीत सगळं निघतं. क्लोरीनचं मात्र चुकूनही नको.

ओलीमाती (८.१०)
सगळं निघतं हीच अडचण आहे. त्या आजोबांनी इतकी वर्षं रोज ओतून, पुसून किटलीच्या अंगावर जी झळाळी आणली तीही उतरेल. चिनी लोक याला ‘यांग हू’ म्हणतात, किटली पोसणं. अनोळखी माणसाने वापरलेली, दुकानातून आणलेली किटली असती तर मी तुमच्याशी सहमत झाले असते.

बाराबंदी (८.३३)
हे पटलं. आजींच्या घरची आहे हे मी धरलं नव्हतं. सोडाच वापरा.

नवी_वाचक (दुपारी १.२०)
थोडं विषयांतर. आपला ‘चहा’ चिनी ‘चा’वरूनच आला ना? मग इंग्रजी ‘टी’ कुठला?

केतकी_७ (१.३५)
तोही चिनीच. फूचिएनच्या किनाऱ्यावरच्या बोलीत ‘ते’ म्हणतात, डच व्यापाऱ्यांबरोबर तो युरोपात गेला.

दूरदेशी (शनिवार, रात्री १०.१५)
सोडा झाला, तीनदा उकळली, चौथ्यांदा चहात. आई पूर्ण वेळ पातेल्यापाशी बसून होत्या. साबण गेला! आल्याचा मात्र किंचित वास आहे. पहिल्या दोन वेळा झाकण उकळायचं राहिलं होतं. धार अजून अडखळतेच.

दूरदेशी (रविवार, संध्याकाळी ७.३०)
आजी येऊन गेल्या. चहा करायच्या आधीच मी सगळं सांगितलं, दुधासकट. त्यांनी झाकण उचलून हुंगलं आणि म्हणाल्या, वास इथे आहे. मग झाकणाच्या बोंडाचं भोक उजेडात धरून बघितलं. ते साफ बुजलेलं होतं. आईंनी पर्समधून सुई काढून दिली. आतून वाळलेली साय आणि आल्याचा एक धागा निघाला. त्यानंतर धार एकसंध पडली. दुसरा चहा त्यांनी स्वतः केला, पहिलं पाणी किटलीवरून ओतून त्यांच्या रुमालाने पुसली. झाकण उद्या पुन्हा उकळते.

ओलीमाती (७.४४)
अडखळती धार तुम्ही पहिल्याच ओळींत लिहिली होती आणि मी ती वाचून पुढे गेले. भोक बुजलं की हवा आत जात नाही, धार तुटणारच. झाकण उकळल्यावर सुई पुन्हा एकदा हलक्या हाताने फिरवा.