भाचीला नोकरी लागली, दागिना घ्यायचाय : ठुशी की रोज घालता येईल असं काही?

बागायतदार_तासगाव

नमस्कार मंडळी. माझी भाची नर्सिंग करून मिरजेत एका दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून लागली. आमच्या घरात नोकरीची ऑर्डर हातात घेतलेली ही पहिली मुलगी. तिच्या अंगावर मामाच्या हातचं काहीतरी घालायचं, हे ती बारावीला असतानाच मी मनाशी ठरवलं होतं. गेल्या आठवड्यात बेदाण्याचा सौदा झाला, त्यातले ४० हजार बाजूला काढून ठेवलेत.

दागिन्यातलं मला वजन आणि भाव एवढंच कळतं. कुठला दागिना कुणाला शोभतो, कशावर काय घालतात, यात मी कोरा आहे. घरच्यांना विचारलं तर दोन तोंडं दोन दिशांना.

आमची अक्का, म्हणजे भाचीची आई, म्हणते ठुशीच घे. तिच्या हट्टामागचं कारण मला माहीत आहे. आमच्या आईच्या गळ्यात ठुशी होती. दुष्काळात बाग जगवायला बोअर मारली. दोन कोरड्या गेल्या, तिसरीला पाणी लागलं. त्या तिसरीच्या वेळी ठुशी मोडली. आईनं परत कधी विषय काढला नाही, पण बोलता बोलता तिचा हात गळ्याशी जायचा. अक्कानं ते बघितलंय, मीही बघितलंय.

भाची म्हणते, "मामा, कपाटात ठेवायला काही देऊ नका. रोज घालता येईल असं द्या." तिच्या अडचणीही खऱ्या आहेत. खोटं कानातलं दोन दिवस घातलं की कान चिघळतो, आत्ताही डावी पाळी ओली आहे. ड्यूटीला गाडीवरून जाते, त्यामुळं गळ्यात काही घालायला घाबरते.

एका दुकानात चांदीवर सोन्याचं पाणी दिलेली ठुशी दाखवली. माझ्या डोळ्याला तर सोन्याचीच वाटली, आणि बजेटात सहज बसते. पण मन घेत नाही. पोरीला पहिल्यांदा देतोय आणि तेही खोटं, असं वाटतं.

आणखी एक. दोन वर्षांमागं बायकोला खड्यांचे टॉप्स घेतले होते. मोडायला नेले तेव्हा खड्यांचं वजन वजा केलं. घेताना मात्र त्याच खड्यांचे पैसे सोन्याच्या भावानं मोजले होते, हे मला पावती नीट वाचल्यावर कळलं. तेव्हापासून पेढीची पायरी चढताना धाकधूक होते. जाणकारांनी सांगावं.

मिरजेची_सिस्टर

दादा, भाचीचं अभिनंदन सांगा. १६ वर्षं वॉर्डात काढलीत म्हणून लिहिते.

अंगठी, बांगडी, ब्रेसलेट यातलं काही घेऊ नका. कोपराच्या खाली आम्ही काहीच घालत नाही. अंगठीखाली जंतू राहतात, हात नीट धुतला जात नाही, ग्लोव्ह फाटतो. गळ्यातलं लोंबतं असेल तर पेशंटवर वाकलं की पुढं येतं, आणि एखादा पेशंट घाबरून तेच पकडतो. माझी चेन तशीच तुटली होती.

राहिले कान. तिथंही रिंगा, झुबे, वेल नकोत. मास्कचं इलॅस्टिक काढताना अडकतं आणि पाळीला ओढ बसते. पाळीला चिकटून बसणारं, सपाट, मागं फिरकी असलेलं छोटं टॉप घ्या. रात्रपाळीत डुलकी लागली तरी टोचत नाही.

कान चिघळतो त्याचं कारण बहुतेक निकेल. खोट्या दागिन्यांच्या धातूत आणि मुलाम्याखालच्या थरात ते असतं, घामानं सुटतं आणि कातडीला लागतं. एकदा ॲलर्जी झाली की ती सहसा जात नाही, त्यामुळं "थोडा वेळच घाल" म्हणून भागत नाही. तिच्यासाठी २२ कॅरेट पिवळं सोनं चांगलं. पांढऱ्या सोन्यात काही वेळा निकेल मिसळतात, ते टाळा. आणि फिरकीसुद्धा सोन्याचीच आहे ना, हे विचारा. टॉप सोन्याचं आणि फिरकी दुसऱ्याच धातूची असेल तर कान पुन्हा चिघळणार.

गाठवणारी_ताई_सांगली

दादा, तुमचं वाचून राहवलं नाही. आमच्या घरात तीन पिढ्या दागिने गाठवायचं काम आहे. सराफ कट्ट्यावरून माळा, ठुश्या, तन्मणी आमच्याकडं ओवायला येतात. सोनं घडवणारा वेगळा, आम्ही ते गळ्याला बसवणारे. त्यामुळं वजनापेक्षा मला आधी गळा दिसतो.

ठुशी हा गळ्याला बिलगून बसणारा दागिना. बारीक गोल मणी ठासून बसवलेले, मागं दोरा आणि गोंडा. गोंड्याची गाठ सरकवली की घट्टसैल होते, म्हणून एकच ठुशी आईला आणि लेकीला दोघींना बसते. इरकलीवर, खणाच्या ब्लाउजवर तिचं रूप वेगळंच. हल्ली मुली साध्या सुती कुर्त्यावर एकटी ठुशी घालतात, बाकी अंगावर काही नाही, आणि ते इतकं छान दिसतं की मी रस्त्यात थांबून बघते. फक्त गळा मोकळा हवा. बंद कॉलरवर ती गुदमरते. युनिफॉर्मवर आणि स्कार्फखाली तिला जागाच नाही. शिवाय आजच्या भावानं ४० हजारांत तीन ग्रॅमही धड बसत नाहीत. तेवढ्यात ठुशी करायची म्हणजे मणी कागदासारखे पातळ, एकदा दाबले की चेपले.

चांदीवरच्या ठुशीला खोटी म्हणू नका. चांदी ही चांदीच असते. पितळ-तांब्यावरची ठुशी आणि चांदीवरची ठुशी यांत मोठा फरक आहे. पावतीवर चांदी किती आणि कोणत्या शुद्धतेची हे लिहून घ्या, ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. वरचं पाणी मात्र घामानं, अत्तरानं दोन-चार वर्षांत उतरतं, परत चढवावं लागतं. घातली की पुसून मऊ सुती कापडात ठेवायची.

पण मला विचाराल तर ती ठुशी भाचीसाठी नाहीच. ती तुमच्या अक्काला हवी आहे. लेकीच्या नावानं मागतायत, कारण भावाकडं स्वतःसाठी मागवत नाही. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या चार बायका अशाच बोलतात, "पोरीसाठी करायचंय हो," आणि माप स्वतःच्या गळ्याचं देतात.

एक विचारू? त्या जुन्या ठुशीतलं काहीच उरलं नाही का? एखादा मणी, गोंडा?

बागायतदार_तासगाव

ताई, तुम्ही हे कसं विचारलंत कळत नाही. उरलंय. ठुशी मोडायच्या आदल्या वर्षी तिचा दोरा तुटला होता. मणी घरभर पांगले, आईनं गोळा करून परत गाठवून घेतली. नंतर जुनं लाकडी कपाट हलवलं तेव्हा फळीच्या फटीत नऊ मणी सापडले. तोवर ठुशी गेली होती. ते मणी आईच्या सुपारीच्या डबीत आहेत. आई गेल्यावर डबी माझ्याकडं आली. एवढ्याशा नऊ मण्यांचं काय होणार, म्हणून मी कुणाला बोललोच नाही. अक्कालाही नाही.

आणि अक्काबद्दल तुम्ही म्हणता ते खरं असणार. काल रात्रभर तेच डोक्यात होतं.

गलाईवाला_विटा

राम राम पाव्हणं. आमचं गाव विट्याजवळ, धंदा गलाईचा, सध्या तमिळनाडूत. खानापूर, आटपाडी भागातली बरीच घरं याच धंद्यापायी देशभर पांगलीत. जुनं सोनं वितळवून शुद्ध करणं हेच रोजचं काम, म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, ते नऊ मणी वितळवायला देऊ नका. मुशीत गेलं की कुणाच्या आईचं कुठलं, ओळख राहत नाही. सोन्यात चांदी मिसळून तेजाबात, म्हणजे ॲसिडात, टाकली की चांदी-तांबं विरघळतं आणि निव्वळ सोनं तळाला बसतं. भाव चोख मिळतो, पण मणी राहत नाही.

टंच, म्हणजे सोनं किती शुद्ध आहे ते, मात्र बघून घ्या. आता पेढीवर मशीन असतं, दोन मिनिटांत कळतं. ते वरचाच थर वाचतं, म्हणून मण्यावर मुलामा असेल तर आकडा फसवा येतो. जुन्या मण्यांना बहुतेक मुलामा नसतो. पोकळ आहेत का, आत लाख (भरायची राळ) आहे का, हे जाणत्या कारागिराला हातात घेऊन कळतं. लाख असेल तर तेवढं वजन सोनं धरायचं नाही.

नवीन घ्याल त्याचं सांगतो. हॉलमार्किंग, म्हणजे शुद्धतेची सरकारी खूण, १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं आणि १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकायच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतोच. बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६) आणि हा क्रमांक, अशा तीन खुणा भिंगातून बघायच्या. क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता, हॉलमार्क कुठं झालं ते दिसतं. तुम्ही टॉप्स टाकला आणि ॲपवर अंगठी आली तर उठून यायचं.

यात एक मेख आहे. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. कानातलं नेमकं त्यातच बसतं. म्हणून एक तर दोन ग्रॅमच्या वरचं घ्या, नाहीतर हलकं असूनही हॉलमार्क केलेलंच मागा.

पावतीवर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं, खड्यांचं वजन आणि किंमत वेगळी, घडणावळ वेगळी, असं लिहून घ्या. तुमचं मागच्या वेळी तिथंच चुकलं. घडणावळ प्रत्येक पेढीची निराळी असते, तीन ठिकाणी विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत. रोजच्या वापराला बिनखड्यांचंच बरं.

गाठवणारी_ताई_सांगली

गलाईवाल्या दादांशी मी सहमत आहे, आणि मणी वितळवू नका म्हणालात हे ऐकून बरं वाटलं.

नऊ मणी थोडे नाहीत दादा. तीन-तीन मण्यांचे तीन गट करायचे, मधे बारीक मोती, रेशमी दोऱ्यात ओवून गळ्यालगत बसेल अशी एकपदरी माळ होते. मागं सरकता गोंडा. सोनं नवीन एक गुंजही लागत नाही, मोती आणि गाठवणावळ एवढाच खर्च. भाचीनं ती सणाला, कुणाच्या लग्नाला, सुट्टीच्या दिवशी घालावी. मोत्याला अत्तर आणि सॅनिटायझर सोसत नाही, म्हणून तयारी सगळी झाल्यावर शेवटी माळ घालायची आणि घरी आल्यावर पहिल्यांदा तीच काढायची. वर्षा-दोन वर्षांनी दोरा ढिला वाटला तर परत गाठवून न्यायची. प्रत्येक मोत्यानंतर मी गाठ मारते, म्हणजे दोरा तुटला तरी सगळं एकदम सांडत नाही. तुमच्या आईसारखं घरभर शोधायला नको.

ड्यूटीसाठी दोन-सव्वादोन ग्रॅमचे बिनखड्यांचे टॉप्स, सोन्याच्या फिरकीचे. कमळाच्या कळीचं किंवा साधं बुंदक्याचं डिझाइन बघा, तिचा चेहरा गोल असेल तर कळी छान दिसेल. भाचीला बरोबर न्या आणि आरशात कानाला लावून बघू द्या. तबकात चांगलं दिसणारं टॉप कानाला लावल्यावर कधी कधी हरवून जातं.

उरलेल्या पैशांत अक्काला चांदीवरची ठुशी. ते पुरले नाहीत तर दिवाळीपर्यंत थांबा, भाऊबीजेला द्या. पण द्या.

पैंजणांचा विचार असेल तर हुपरीचे बिनघुंगरांचे मिळतात, मोज्याच्या आत राहतात. हे मात्र नंतरचं, आधी कान.

बागायतदार_तासगाव

काल अक्काकडं जाऊन आलो. डबी तिच्यासमोर उघडली. तिनं मणी तळहातावर घेतले, मोजले, परत मोजले. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग म्हणाली, "हा एक चेपलाय बघ, हा पुढचा होता." तिला मण्याची जागासुद्धा आठवते. ठुशीचं नाव मी काढलंच नाही, भाऊबीजेला देईन.

भाचीला माळेचं सांगितलं. तिचं एकच म्हणणं, चेपलेला मणी सरळ करायचा नाही, तसाच ओवायचा. जमेल ना ताई?

गोंडा लाल ठेवा, आईचा लालच होता. रविवारी मणी घेऊन येतो. टॉप्सही त्याच दिवशी तिच्या पसंतीनं घेणार, भिंग आणि ॲप दोन्ही तयार ठेवलंय.

सिस्टर, एकच राहिलं. डावी पाळी अजून ओली आहे. नवीन टॉप्स लगेच घालावेत का? अक्का म्हणते भोक बुजेल, तोवर कडुनिंबाची काडी घाल.

गाठवणारी_ताई_सांगली

जमेल. चेपलेला मणी मधोमध घेते. येताना डबीसकट या, मणी सुटे खिशात घालून आणू नका.

मिरजेची_सिस्टर

काडी नको, टॉप्सही नकोत. पाळी पूर्ण कोरडी होऊ द्या, आणि आठवड्यात फरक पडला नाही तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. ती रोज वॉर्डात जाते, ओल्या जखमेला तिथं जंतू लागायला वेळ लागत नाही. भोक बुजलं तरी चालेल, परत टोचता येतं.